बोटीचे इंजिन, नग दोन

देवरीहून चिचगडकडे निघालं की गाव सुटता सुटता डाव्या हाताला टिकारामचं घर लागतं. पुढे टिनाची पडवी. तिथं एके काळी पंपदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान जाऊन वीस वर्षं झाली, पण पडवीच्या लाकडी खांबांवर काळ्या तेलाचे हात अजून उमटलेले आहेत. घर दोनदा रंगवलं, तेवढे खांब टिकारामने कुणाला रंगवू दिले नाहीत. कारण त्यातले निम्मे हात त्याचे नव्हते. ते चुन्नीलालचे होते.

जानेवारीतली सकाळ होती. धान कधीचंच घरात आलं होतं. टिकाराम उन्हाच्या पट्ट्यामागे आपली खाट सरकवत बसला होता. दहाच्या सुमारास दारात एक पिकअप गाडी थांबली. उतरला तो पस्तिशीचा माणूस, अंगात जाकीट, हातात छोटी बॅटरी.

"टिकारामजी मिस्त्री इथंच राहतात का?"

"मिस्त्री गेला. आता नुसता टिकाराम हाय," म्हातारा म्हणाला. "पंप बिघडला असन त बजारात जा. म्या हात धुतले."

"पंप नाही, काकाजी. मी हिमांशू. नागपूरहून आलो. तुमच्याकडे बोटीची मोटर आहे असं ऐकलं. खोक्यातली. अजून आहे का?"

खाट सरकवणारे हात थांबले. सत्तेचाळीस वर्षांत तिला कुणी मोटर म्हटलं नव्हतं. सगळा गाव तिला 'टिकारामचा पंखा' म्हणायचा.

"कोनं सांगतलं तुले?"

"ऐकलं कुठंतरी," हिमांशू हसला आणि विषय टाळला.

आवाज ऐकून सुलोचनाबाई सूप हातात घेऊनच बाहेर आल्या. "पंखा पाहाले आले का? या जी, या. एवढ्या वर्षांत गिऱ्हाईक आलं एकडाव! अजी, उठा न. दाखवा त्याईले तुमची सवत."

"सवत त तुही होय वं," टिकाराम पुटपुटला, पण उठला.

मोटर आतल्या खोलीत होती, धानाच्या कोठीमागे. सागवानी फळ्यांचं खोकं, वर गोणपाट. दोघांनी मिळून ते पडवीत ओढून आणलं. हिमांशूने झाकण काढलं आणि देवळात वाकावं तसा वाकला. बॅटरीच्या उजेडात त्याने आधी खालचा पंखा पाहिला. तीन पाती, लाल रंग, एकाही कडेला टवका नाही. मग बोटीच्या फळीला आवळायचे दोन स्क्रू पाहिले. त्यांच्या टोकांवरचा रंगही शाबूत. दोरीच्या मुठीला कारखान्याचा कागदी बिल्ला तसाच लोंबत होता. पान्यांच्या पिशवीची शिवण उसवलेली नव्हती.

"काकाजी, पाण्याचा थेंब लागलेला नाही हिला," तो हळू आवाजात म्हणाला.

"पान्यासाठीच त आनली होती," टिकाराम म्हणाला.

हिमांशू बोलत बोलत पाहत होता. त्याच्या घरी अशा अकरा मोटरी होत्या. लाकडी घोड्यांवर ओळीने मांडलेल्या, एकही न चाललेली. देशभरात त्याच्यासारखे साठ-सत्तर जण होते. कुणी कोचीला, कुणी कोलकात्याला. एकमेकांकडून विकत घ्यायचे, एकमेकांना बदलून द्यायचे. चाललेली मोटर कितीही चांगली असो, तिला त्यांच्यात मान नव्हता. आणि एक नियम सगळे पाळायचे. मोटर कुठून मिळाली ते कुणी कुणाला सांगायचं नाही.

"तुमच्या घरामागं तलाव हाय का?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"नाही, काकू. फ्लॅट आहे. तिसऱ्या मजल्यावर."

"मंग एवढ्या मोटरी कायले?"

"ठेवायला."

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "घ्या. तुमच्याच जातीचा मानूस भेटला."

टिकाराम हसला नाही. हा माणूस मोटर उचलून नेईल आणि कोठीमागची जागा रिकामी होईल, हे त्याला आत्ता पहिल्यांदा कळत होतं. मग आषाढात, आखाडीच्या सणाला, त्याने काय करायचं?

अठ्ठ्याहत्तर साली तो आणि चुन्नीलाल दोघंही पंचविशीतले. चुन्नीलाल चिचगडचा. दोघांचं एक दुकान, एक पान्यांची पेटी, एक डबा. बिघडलेलं इंजिन चुन्नीलाल कानाने ओळखायचा आणि टिकाराम हाताने खोलायचा. त्यांच्या दुकानाची एक रीत होती, ती आजूबाजूच्या कुठल्या मिस्त्रीकडे नव्हती. धान निघालं की शेतकऱ्याचं इंजिन सहा महिने पडून राहायचं आणि आतून गंजायचं. चुन्नीलालने अक्कल लढवली. मोहाच्या फळातली बी, जिला टोळी म्हणतात, तिचं तेल प्लगच्या भोकातून पेलाभर आत ओतायचं आणि चाक हाताने फिरवून सगळीकडे पोचवायचं. दुसरे मिस्त्री हसायचे. टोळीचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं, इंजिन जाम होतं. "होऊ द्या न," चुन्नीलाल म्हणायचा. "उन्हात ठेवा, आपसूक सुटते. गंज त नाई धरत?"

त्या वर्षी गोंदियात सरकारी गोदामाचा लिलाव निघाला. बंद खोकी, आहेत तशी घ्यायची, फोडून पाहायची नाहीत. एका जोडीवर इंजिनाचं चित्र होतं आणि खाली पाण्याच्या लाटा. इंजिन आणि पाणी. धानाच्या मुलखातल्या दोन पंपमिस्त्र्यांना त्याचा दुसरा कुठला अर्थ कळणार? तरी टिकारामने विचारलं, "काय लिवलं हाय गा?" दोघांनाही अक्षर येत नव्हतं. पण लग्न नुकतंच झालेलं, सासरा मागे उभा, म्हणून चुन्नीलालने खोक्यावरून बोट फिरवलं आणि ठसक्यात सांगितलं, "पंप. पाच घोड्याचा."

पुढच्या आठवड्यात चुन्नीलालच्या सासऱ्याच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, अर्धा गाव जमला. पावसाने ताण दिला होता, रोपं पिवळी पडत होती आणि दोन मिस्त्री नाल्याचं पाणी वर आणणार होते. नारळ फुटला. खोकं उघडलं. आतून निघालं एक उंच मानेचं यंत्र, ज्याला पाईप लावायला जागाच नव्हती आणि खाली फुलासारखा पंखा होता.

"उलटा टांगा गा, हवा येईन!" कुणीतरी ओरडलं आणि बांधी हसायला लागली.

चुन्नीलालने टिकारामकडे पाहिलं. टिकाराम तेव्हा गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण लोकांचं हसू आपल्यावर येऊ नये म्हणून तो लोकांत जाऊन मिळाला. तोही हसला आणि मोठ्याने म्हणाला, "मले काय पाह्यता? वाचनारा हा होता. मोठा मास्तर!"

चुन्नीलाल काही बोलला नाही. दोनपैकी एका खोक्यावर त्याने झाकण ठोकलं, बंडीवर चढवलं आणि बांधीतून निघून गेला. पंधरा दिवसांत बायकोला घेऊन त्याने गाव सोडलं. कुठं गेला ते सासऱ्यालाही सांगितलं नाही. पुढे सासरा गेला आणि विचारायला कुणी उरलंच नाही.

टिकारामने मोटर विकली नाही. दर वर्षी आखाडीच्या सुमाराला टोळीचं नवं तेल निघालं की तो कोठीमागे जायचा, जुनं तेल काढायचा, नवं पेलाभर ओतायचा आणि चाक हाताने फिरवायचा. तेवढा अर्धा तास सुलोचनाबाई त्याला हाक मारत नसत. लांबलांबची माणसं कचारगडच्या यात्रेला येतात, म्हणून तो किती वर्षं त्या यात्रेत नुसता तोंडं पाहत फिरला. कुणाची चाल तशी वाटायची, कुणाचे खांदे. पुढे जाऊन पाहिलं की तो नसायचा.

"काकाजी, एकदा चाक फिरवून पाहतो," हिमांशू म्हणाला. त्याने दोरीची मूठ धरून हलकेच ओढली. दोरी हलली नाही. चाकाला हात घालून जोर लावला. जाम.

"अरे यार," तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. "इथंही तेच." मग प्लग काढून त्याने भोकात बॅटरी मारली. "हेच पांढरं, तुपासारखं. काय टाकतात तुम्ही लोक यात?"

टिकाराम खांबाला टेकला होता. तो सरळ झाला.

"इथंही, म्हन्ते. दुसरी कुठं पाह्यली?"

हिमांशूला आपली चूक कळली. "तसं नाही, काकाजी. एक मोटर पाहिली मागच्या आठवड्यात. अशीच."

"अशीच म्हंजे? नंबर काय होता?"

हिमांशूने मोटरीच्या मानेवरची पितळी पट्टी पाहिली, मग मोबाईलमधला फोटो पाहिला. नंबर लागोपाठचे होते. त्याने मोबाईल खिशात टाकला. त्याच्या चेहऱ्यावरून टिकारामला जे कळायचं ते कळलं. तो खाटेवर बसला.

"तेल ताजं होतं का जुनं?"

"काय?"

"त्या मोटरीतलं पांढरं. वास घेतला असशीन तू. खवट होता का ताजा?"

हिमांशू विचार करून म्हणाला, "खवट नव्हता."

"म्हंजे यंदा टाकलेलं हाय," टिकाराम म्हणाला. मग बायकोकडे वळून, जणू ती ऐकत नव्हती असं, पुन्हा म्हणाला, "सुलोचना, यंदा टाकलेलं हाय."

सुलोचनाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"कुठं हाय तो?" टिकारामने विचारलं.

"नाही सांगता येत, काकाजी. आमच्यात नियम आहे."

"तुह्या नियमाले काय चुलीत घालू? चुन्नीलाल नाव हाय न त्याचं?"

"मी नाव घेतलं नाही," हिमांशू घाईने म्हणाला. "हे पाहा, नियम तर आहेच. पण त्या माणसानं मला शपथ घातली. म्हणाला, देवरीला टिकाराम मिस्त्रीकडे हिची जोडी असेल. त्यानं ती भंगारात टाकली, की चालवली, की ठेवली, तेवढं पाहून ये. माझं नाव काढू नको. त्यानं ठेवली असेल तर मग माझी द्यायची का ते बोलू. मी शब्द दिलाय."

 रस्त्यावरून एक बस चिचगडकडे गेली.

"ही मोटर घेऊन जा," टिकाराम म्हणाला. "अशीच घेऊन जा. मले काई नोको. फक्त गावाचं नाव सांग."

हिमांशूने मोटरीकडे पाहिलं. अशी वस्तू पदरात पडावी म्हणून त्याच्यासारखे लोक अर्धा देश पालथा घालतात. त्याने एकदा झाकण उचललं, पुन्हा ठेवलं.

"नाही, काकाजी. शब्द मोडून घेतलेली मोटर घरात ठेवली तर मला ती रोज दिसेल." तो जरा थांबला. मग पिकअपकडे बघत म्हणाला, "पण मला आता तिकडेच जायचंय. त्याला सांगायला, की ठेवली आहे. ही मोटर सोबत नेली तर त्याला डोळ्यांनी दिसेल. आणि पुढे माझ्याशेजारी एकाला बसायला जागा आहे. गाडीत कोण बसतं त्याबद्दल मी कुणाला शब्द दिलेला नाही."

सुलोचनाबाई लगेच आत गेल्या आणि टिकारामचं धुतलेलं धोतर, बंडी आणि घोंगडं घेऊन आल्या.

"म्या कोन्या तोंडानं जाऊ वं?" टिकाराम म्हणाला.

"हाय तेच तोंड न्या. दुसरं कुठून आनता?" त्या म्हणाल्या. "सत्तेचाळीस वर्षं खांब पाहून राहिले न? आता मानूस पाहा. अन् ते चिठ्ठी घेता का?"

चिठ्ठी म्हणजे लिलावाची पावती. त्या दिवशी गोंदियात बाबूने दिलेली. ती टिकारामच्या खिशात होती आणि पुढे पत्र्याच्या पेटीत पडून राहिली. एक्क्याण्णव साली गावात मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा टिकाराम पाटी घेऊन बसला. अक्षर जुळायला लागलं तशी त्याने घरातली प्रत्येक छापील गोष्ट वाचून काढली. एके दिवशी पेटी उघडली आणि ती चिठ्ठी वाचली. त्यानंतर तो दोन दिवस जेवला नव्हता.

त्याने ती बंडीच्या खिशात ठेवली.

मोटर पिकअपच्या मागच्या हौद्यात उभी बांधली. झाकण टिकारामने लावू दिलं नाही. "उघडी राहू दे. ऊन लागू दे तिले."

गाडी महामार्गाला लागली. सीमेचा नाका मागे पडला, पाट्यांवरची मराठी गेली. टिकाराम पुढे बसून दर दहा मिनिटांनी विचारत होता, "अजून किती लांब हाय?" आणि हिमांशू म्हणत होता, "आलंच." चिचोल्याच्या पुढे गाडीने महामार्ग सोडला, कच्च्या वाटेने एका खेड्यात शिरली आणि थांबली. टिकारामने घड्याळ पाहिलं. एक तास वीस मिनिटं. देवरीच्या स्टँडवरून दिवसभर या बाजूला बसा सुटत होत्या. त्या त्याने सत्तेचाळीस वर्षं पाहिल्या होत्या.

अंगणात एक वाळलेला म्हातारा उन्हाला पाठ देऊन बसला होता. मागे ओसरीच्या सावलीत तेच खोकं, तसंच गोणपाट. म्हाताऱ्याने गाडी पाहिली, हिमांशूला पाहिलं, त्याच्या मागून उतरणारा पाहिला आणि मान फिरवली.

"म्या तुले पाहून ये म्हनलं होतं," तो हिमांशूला म्हणाला. बोली तीच होती, फक्त तिला छत्तीसगडचा हेल चढला होता. "उचलून आन म्हनलं नव्हतं."

"मी नाव सांगितलं नाही, बाबूजी."

"मंग हा कसा आला?"

"तेलानं आलो," टिकाराम म्हणाला.

चुन्नीलाल बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. टिकाराम अंगणाच्या मध्ये उभा राहिला.  त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि वर्गात उभा राहून वाचायचा तसं अक्षरांखाली बोट धरून वाचलं.

"बोटीचे इंजिन. न वापरलेले. नग दोन." मग तो म्हणाला, "हे माह्या खिशात होतं गा. त्या दिवशी. बांधीवर. तुह्या नाई, माह्या. कोनाले वाचाले देल्ली असती तरी कळलं असतं. अन् म्या तुले मास्तर म्हनलं."

"मले मालूम होतं," चुन्नीलाल म्हणाला.

"काय मालूम होतं?"

"चिठ्ठी तुह्यापाशी होती ते. बाबूनं माह्यासमोर देल्ली होती तुले."

"मंग तवाच काऊन नाई बोलला? सगळ्याईसमोर बोलाचं होतं!"

"बोललो असतो त दोघंबी अडाणी ठरलो असतो. एक पुरे होता." चुन्नीलालने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू हसला नसता त म्या गेलो नसतो बे."

टिकारामने चिठ्ठीची घडी घातली.  शेजारच्या घरात कुणीतरी कांडप चालवत होतं. त्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

मग चुन्नीलाल गुडघ्यांवर हात देऊन उठला आणि त्याच्या अंगावरून पुढे गाडीकडे गेला. हौद्याच्या कडेला धरून वाकला. प्लग काढून करंगळी भोकात घातली आणि नाकाशी नेली.

"यंदाचं हाय?"

"आखाडीचं. दर साली टाकतो."

"पेलाभर?"

"पेलाभरच. तू सांगतलं तेवढं."

चुन्नीलालने अंगठा चाकाला लावला. तासभर उन्हातून आलेली मोटर होती. चाक फिरलं, अजिबात आवाज न करता फिरलं. त्याने कान खाली नेला, आणखी एकदा फिरवलं आणि ऐकलं. कान खाली नेण्याची ती रीत पाहून टिकारामला घोंगडं तोंडाशी धरावं लागलं.

"बरी ठेवली," चुन्नीलाल म्हणाला. "माही नाई फिरत. सावलीत होती."

"उन्हात ओढू न मंग."

दोघांनी ओसरीवरून खोकं ओढलं. हिमांशू हात लावायला पुढे झाला तर दोघंही एकदम म्हणाले, "तू बस." अंगणाच्या मध्यावर, जिथं सावली पोचत नव्हती, तिथं खोकं ठेवून त्यांनी झाकण काढलं. लाल पंखा उन्हात आला. मग दोघं खोक्याच्या दोन बाजूंना जमिनीवर टेकले. चुन्नीलालची सून आतून दोन कप चहा घेऊन आली, तिसऱ्यासाठी परत गेली.

"इकतो का तू?" चुन्नीलालने विचारलं.

"तू?"

"आधी फिरू दे."

हिमांशू पिकअपच्या पायरीवर बसला. भाव काय, दोन्ही मिळतील की एक, हे त्याने विचारलं नाही. त्यालाही आता घाई नव्हती. टोळीचं तेल सुटायला जानेवारीच्या उन्हात निदान दोन तास लागतात.